सोळावरचा ठिपका

तो ठिपका मला डाग वाटला होता. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर मी प्रदर्शनातल्या पहिल्या बक्षिसापासून सुरुवात करीन, सगळं कसं भारी झालं ते सांगत बसेन आणि खरी गोष्ट राहूनच जाईल. हल्ली माझं असंच होतं. बोलायला लागले की थांबत नाही.

हल्लीच हं. आठवीपर्यंत मी हजेरीला ‘प्रेझेंट मॅम’ म्हणतानासुद्धा आधी घसा साफ करून घ्यायचे. मग गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या ताजुद्दीनचाचांनी मला घड्याळ उघडायला शिकवलं आणि माझा आवाजच फुटला. मोहरीएवढा स्क्रू न हरवता काढता येतो, तर फळ्यासमोर उभं राहून बोलायला काय घाबरायचं? आई म्हणते, “ऋता, आता तुला बंद करायची चावी कुठाय ते पण चाचांनाच विचारते.”

चाचा मूळचे म्हसळ्याकडचे. पस्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. आता त्यांचा मुलगा नदीमभाई जहाजावर असतो आणि इथे जुईनगरच्या घरात चाचा आणि सून आफरीनभाभी. शमसुन्निसाचाची, म्हणजे चाचांची बायको, आम्ही या सोसायटीत यायच्या आधीच गेल्या. मी त्यांना कधी बघितलेलं नाही.

चाचांकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात कापसावर ठेवलेली दहा घड्याळं. सगळी जुनी, सोव्हिएत, चावीची. आणि सगळी चोवीस तासांची! म्हणजे डायलवर बारा नाही, चोवीस आकडे. वर चोवीस, खाली बारा. तासकाटा दिवसातून एकदाच फिरतो. पहिल्यांदा बघणारा हमखास चुकतो, मीही चुकले होते. “बर्फातल्या तळावर सहा महिने सूर्य नसतो,” चाचा म्हणाले होते. “पानबुडीत तर कधीच नसतो. तिथं बारा वाजले म्हंजे दुपारचे का रातचे, हे घड्याळानंच सांगायला हवं ना बाय?”

ही दहा त्यांनी जमवलेली. कुणा खलाशाकडून, कुठल्या जुन्या बाजारातून. अकरावं मात्र राकेता कंपनीचं, १९८३ साली ओडेसा बंदरावर घेतलेलं, आणि ते डब्यात नाही, त्यांच्या मनगटावर असतं. मी एकदा म्हटलं, “म्हणजे हे कलेक्शनमधलं पहिलं.” तर म्हणाले, “हे कलेक्शनमधलं नाय. हे माझं हाय.” मी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तेव्हा थांबायला हवं होतं.

जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी विषय घेतला: वेळ. चाचांकडे अकराही घड्याळं मागितली, राकेतासकट. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा तर पार पिकलेला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ चाचपडत काढलं, रुमालात बांधलं आणि माझ्या हातात देताना दोन वेळा परत घेतल्यासारखं केलं.

“रोज सकाळी चावी दे. जास्त पिळू नको. आनि कोनाच्या हातात देऊ नको.”

“टेन्शन नका घेऊ चाचा!”

घरी आणून दिव्याखाली धरलं. डायल पिवळट पडलेली, कडेला तपकिरी झालेली, आणि खाली डावीकडे, सोळाच्या आकड्याला चिकटून, एक लालसर काळपट डाग. गंजच असणार, मी ठरवून टाकलं. बाजूच्या टेबलावर वर्गातल्या सनीचा ड्रोन असणार होता, दिवे लुकलुकणारा. आणि माझ्या टेबलावर मधोमध हे डागाळलेलं?

आपल्याकडे जुन्या घड्याळाची डायल खराब झाली की ती रंगवून घेतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. बाबांच्या लग्नातल्या घड्याळाचीही घेतली होती, तुर्भ्याच्या प्रीतमदादांकडून. प्रीतमदादा कारखान्यांतल्या प्रेशर मीटरच्या तबकड्या छापतात आणि मधल्या वेळात घड्याळांच्या डायली. मी घड्याळ स्वतः उघडलं, स्वतः काटे उचलले, डायल सोडवली आणि क्लास सुटल्यावर एकटी तुर्भ्याला गेले. एकटी! ट्रकांच्या रांगांमधून वाट काढत, पत्ता विचारत.

प्रीतमदादांनी डायल उलटसुलट करून बघितली. “हा लाल काय आहे? ठेवायचाय?”

“छे, डाग आहे तो.”

“विचारून घे घरी.”

“मला माहितीय ना दादा. मीच उघडते ही घड्याळं.”

चार दिवसांनी डायल आली. त्यांनी जुना रंग पार खरवडून, पितळ उघडं करून, नव्याने पांढरा रंग चढवला होता. वर काळेभोर आकडे. दुधासारखी डायल! मी काटे बसवले, काच बसवली. प्रदर्शनात परीक्षक माझ्याच टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. पहिलं बक्षीस. मी माइकवर बोलले, न थांबता. आणि सगळ्यांना सांगितलं, की डायल मी चाचांना सरप्राइज म्हणून रंगवून घेतली.

ते खोटं होतं. मला ती माझ्या टेबलासाठी हवी होती. आणि ज्यांच्यासाठी सरप्राइज म्हणत होते, त्यांना घड्याळ परत देताना मी रंगाबद्दल एक शब्द बोलले नाही. चाचांनी ते कानाला लावलं, ऐकलं, आणि हसले. “बरं चालतंय. शाबास.” डायल त्यांना दिसतच नव्हती. मी मनात म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की बघतील आणि चकित होतील.

त्या आठवड्यात मी आमच्या जुन्या घड्याळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो टाकले. अंगठे, टाळ्या, ‘वा बेटा’. मग बडोद्याच्या हितेशकाकांचा मेसेज आला. ग्रुपमध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

‘मुली, जुनी डायल जशी असेल तशीच ठेवायची असते. असो, झालं ते झालं. पण सोळाजवळ लाल काय होतं? ते कंपनीचं नाही आणि गंजही नाही. कुणीतरी हाताने लावलेलं दिसतंय. मालकांना विचारलंस का?’

मी आधीचा फोटो बोटांनी ताणून मोठा केला. खरंच होतं. गंज असा एका जागी, असा घट्ट लाल बसत नाही. तो ठिपका होता, एका बाजूला जरासा फराटा आलेला, शेपटीसारखा. फोन मी उशीवर पालथा ठेवला आणि आईला भाजी निवडू लागू का म्हणून विचारलं. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

चाचांना विचारायला एक जिना उतरायचा होता. मी दोन आठवडे त्यासाठी उतरले नाही. शाळेत जाताना त्यांच्या मजल्यावर पाय न वाजवता जायचे. एकदा ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. “कोन, ऋता? आज आवाज नाय तुझा?” मी म्हटलं, “घसा बसलाय चाचा.” त्यांनी संध्याकाळी आफरीनभाभीच्या हाती वर सुंठ पाठवली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी होतं. भाभी एकटी कुठे कुठे धावणार, म्हणून आईने मला शाळेला दांडी मारायला लावून सोबत पाठवलं. हॉस्पिटलात भाभी फॉर्म भरायला गेली आणि मी चाचांच्या चपला पिशवीत घालून त्यांच्या पलंगाशी उभी राहिले. नर्स आली.

“आजोबा, घड्याळ काढा.”

“काढतो. आधी सांग बघू किती वाजले त्यात.”

तिने वाकून बघितलं. “साडेचार. बंद आहे वाटतं.”

“साडेनऊ!” चाचा एकदम खूश. “सगळे फसतात. चोवीस तासांचं हाय ते. आनि खाली बघ, सोळावर लाल ठिपका हाय. माझ्या बायकोनं लावलाय. काच मी काढून दिली, नेलपॉलिश तिची आनि टाचनीचं टोक. जहाज कुठं पन असू दे, हे घड्याळ मी इंडियाच्या टायमावर ठेवायचो. काटा ठिपक्यावर आला की घरी दुपारचे चार. ती तिकडं ओट्यावर चहा घेऊन बसनार, मी इकडं. ब्राझीलला सकाळचे साडेसात. अमेरिकेच्या त्या टोकाला तर पहाटेचे साडेतीन. आमचा कुक शिव्या घालायचा, हा येडा साडेतीन वाजता चहा मागतो.”

नर्स हसली. “मग दोघं एकदमच प्यायचात?”

“चोवीस वर्षं. दिसला ना ठिपका?”

तिने परत वाकून बघितलं. सोळाजवळ नुसता पांढरा रंग होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग चाचांच्या दुधट डोळ्यांकडे.

“दिसला ना आजोबा. छान आहे,” ती म्हणाली.

माझ्या हातातली चपलांची पिशवी खाली पडली. चाचा म्हणाले, “घाबरू नको गं, ऑपरेशन माझं हाय.” आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. “उद्या पट्टी निघाली की दे. सकाळी चावी तूच दे, भाभीला जमत नाय.”

तेव्हा सांगता आलं असतं. पण ऑपरेशनला निघालेल्या माणसाला असं काही सांगतात का? असं मी स्वतःला विचारलं, आणि स्वतःच ‘नाही’ म्हटलं. उत्तर किती सोयीचं होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

घरी आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. दुपारचे दोन वाजले होते, घड्याळात चौदा. आईच्या कपाटात लाल नेलपॉलिशची बाटली होती. मी आधी स्टीलच्या ताटलीवर टाचणीने पंधरा-वीस ठिपके काढून बघितले. मग घड्याळ उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, श्वास रोखला आणि सोळाच्या आकड्याला टेकून ठिपका ठेवला. कंपासने काढल्यासारखा गोल आला. फोटोतला जुना फराटा अर्थातच काढला नाही, तो कशाला? आणि लिहायलाही लाज वाटते, पण काच बसवल्यावर मला क्षणभर भारी वाटलं. जमलं म्हणून. मग मी ती ताटली तीनदा घासली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला खाली गेले. चाचा काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसले होते. भाभीने चहा ठेवला होता. चाचांनी चष्मा जरा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. नुकत्याच साफ झालेल्या डोळ्याने, अगदी थेट.

“अगं, तुझ्या नाकावर तीळ हाय? मला माहीतच नव्हतं!”

भाभी हसायला लागली. “सकाळपासून असंच चाललंय अब्बांचं. भिंत पांढरी आहे म्हणे! पडदा निळा आहे म्हणे, ते हिरवा समजत होते.”

“मग! सगळं पिवळं दिसायचं ना. आन ते घड्याळ.”

मी दिलं. त्यांनी ते डोळ्यापाशी नेलं आणि गोल फिरवून सगळीकडून बघितलं.

“बघ,” ते म्हणाले. “मला वाटायचं डायल पिवळी पडली. डाग धरले. ती तर नवी हाय नुसती! माझेच डोळे खराब. मी उगा घड्याळाला बोल लावत होतो.”

मला पळून जावंसं वाटलं. आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. डॉक्टरांच्या हाताने माझी चोरी पार झाकून गेली होती. आता कधीच कुणाला कळणार नव्हतं. मी फक्त गप्प बसायचं होतं आणि मला चहा मिळणार होता.

मग त्यांचा अंगठा काचेवर सोळापाशी थांबला.

“आफरीन, इकडं ये. हा ठिपका गोल हाय ना?”

“हो अब्बा. एकदम गोल.”

“शेपूट नाय त्याला?”

“नाही.”

चाचांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. डॉक्टरांनी काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. “शमसू ठिपका लावत होती तेव्हा मी कायतरी बोललो. ती हसली, हात हलला आनि रंग वढला गेला. शेपूट आली. पुसू का म्हनाली, मी म्हटलं राहू दे. रोज बघायचो मी ती शेपूट. रोज.” त्यांनी अंगठा परत काचेवरून फिरवला. “आनि आता नाय. म्हंजे नव्हतीच काय? मीच मनानं धरून बसलो? मग ती हसली ते तरी...”

“वयात होतं असं कधी कधी अब्बा,” भाभी हळूच म्हणाली. “चहा घ्या. चार वाजलेच.”

चाचा घड्याळाकडे बघत होते. घड्याळ त्यांना परत मिळालं होतं आणि चाचीचं ते हसणं मात्र मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. त्यांना ते कळतही नव्हतं, ते स्वतःवरच संशय घेत होते.

“शेपूट होती,” मी म्हटलं.

माझा आवाज आठवीतल्यासारखा आला. घसा साफ करून परत म्हटलं, “चाचा, शेपूट होती. हा ठिपका मी काढलाय. काल. आईच्या नेलपॉलिशने.”

आणि मग सगळंच सांगितलं. तुर्भे, प्रीतमदादांनी विचारलेलं, सनीचा ड्रोन, हितेशकाकांचा मेसेज. चाचांनी मध्ये एकदाच विचारलं.

“नर्सला दिसला होता ना काल?”

“नव्हता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाली ती.”

“म्हंजे ती पन,” चाचा म्हणाले.

मी फोनवर जुना फोटो काढला, मोठा केला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोन हातात घेतला. पिवळी डायल, तपकिरी कडा, आणि सोळापाशी शेपटीचा ठिपका. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली फरशीकडे बघत होते.

“जुनी डायल कुठं हाय?”

“तीच आहे. खरवडून त्यावरच रंगवलीय.”

“म्हंजे गेली.”

“हो.”

“घड्याळ बंद पडलं असतं तर तू दुरुस्त केलंस असं झालं असतं,” चाचा म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “चालू होतं ना पन? मग तुला कोनी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“घरी जा आता.”

चहा तसाच राहिला. जिना चढताना मला भाभीचा आवाज ऐकू आला, “अब्बा, चष्मा लावा आधी.”

घरी आईला सांगितलं. तिने जवळ घेतलं नाही की रागावलीही नाही, फक्त बाटली कपाटातून काढून माझ्या हातात दिली. “ही आता तूच ठेव.” हितेशकाकांना लिहिलं: ‘विचारलं. आधी विचारायला हवं होतं.’ शाळेत मॅमना जाऊन सांगितलं, की डायल सरप्राइज नव्हती, चाचांना न विचारता रंगवली होती. मॅम म्हणाल्या, “बक्षीस त्याने बदलत नाही गं.” मला वाटलं होतं बदलेल. मला ते बदलून हवं होतं.

तीन दिवस खालून काही निरोप नाही. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर भाभी दारात. “अब्बांनी बोलावलंय. तुझी हत्यारं घेऊन ये म्हणाले.”

चाचा टेबलाशी बसले होते, काळा चष्मा लावून. समोर घड्याळ, कापसाचा बोळा आणि नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर.

“मला अजून आठवडाभर वाकायचं नाय, डॉक्टरनं सांगितलंय. उघड तू. आनि तो तुझा ठिपका काढ.”

मी काच काढली. रिमूव्हरचं झाकण उघडलं. मग म्हटलं, “चाचा, रिमूव्हर लागलं तर खालचा प्रीतमदादांचा रंगही निघेल.”

“विचारतेयस?”

“हो.”

“मग निघू दे.”

काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, अगदी थोडा ओला केला आणि टेकवला. माझा गोल लाल ठिपका विरघळला. त्याच्याखालचा पांढरा रंगही निघाला, मसुरीएवढा, सोळाच्या आकड्याची कड घेऊन. खालून पितळ दिसायला लागलं. मी थांबले.

“अजून?”

“बस.”

काच बसवली, चावी दिली, पुसून त्यांच्या हातात ठेवलं. एवढी शुभ्र डायल आणि तिच्यात एक उघडी जागा. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, अरेरे, रंग उडालाय. प्रदर्शनाच्या टेबलावर मी ते कधीच ठेवलं नसतं.

चाचांनी ते मनगटाला बांधलं आणि तिरकं धरून बघितलं. “आता कसं, इथं कायतरी होतं एवढं कळतं.”

“चाचा, तो फोटो मी मोठा छापून आणू का?”

“नको. फोनवर पाठवलाय ना तू, बास. नदीमला पन पाठवलाय मी.” मग माझी हत्यारं ठेवलेल्या पाकिटाकडे बोट करून म्हणाले, “ते इथंच ठेवून जा. डब्याला सध्या हात लावायचा नाय. मी सांगेपर्यंत.”

मी पाकीट टेबलावर ठेवलं. रडले नाही; रडणं म्हणजे परत त्यांनाच मला समजवायला लावणं. मी निघाले.

“कुठं चाललीस? टाइम बघ.”

मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. तासकाटा पितळी जागेच्या अगदी अलीकडे होता.

“सोळाला पाच कमी.”

“मग चहा ठेव. भाभी कामात हाय. साखर दोन चमचे, तिला सांगू नको.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि दारातून परत वळून विचारलं, “चाचा, आलं घालू?”